धुरावर डोळा ठेवणारा मनोरा

शाळेची डोंगरावरची सहल ठरली की दोन प्रश्न हमखास निघतात : चढायचे किती, आणि वर पाहायचे काय? आज आपण अशाच एका दिवसाच्या चढाईचा बेत कागदावर आखू. डोंगर मात्र आपल्या ओळखीचा नाही. तो अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिल पर्वतराजीत आहे. नाव ओव्हरलुक, उंची ३,१४० फूट, म्हणजे सुमारे ९५७ मीटर. माथ्यावर साठ फूट उंचीचा पोलादी मनोरा उभा आहे. तो बांधला गेला वणवा हेरण्यासाठी.

आधी चढाईचा हिशेब. वाट एका बाजूने सुमारे चार किलोमीटर, चढ सुमारे ४२० मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. सपाटीचे अंतर ताशी पाच किलोमीटरने मोजावे आणि प्रत्येक शंभर मीटर चढाला दहा मिनिटे जास्त धरावीत. म्हणजे चालण्याची ४८ आणि चढाची ४२, अशी एकूण ९० मिनिटे झाली. मुले बरोबर असतील तर विश्रांतीसह सव्वादोन तास धरावेत. उतरणे, जेवण आणि मनोऱ्यावरचा वेळ मिळवला तरी सकाळी निघालेली टोळी दुपारी खाली येते. पाणी मात्र पायथ्यापासूनच न्यावे. खडकाळ भागात विषारी खुळखुळे साप आढळतात, म्हणून हात-पाय टाकण्यापूर्वी पाहावे. वाटेत एका अर्धवट राहिलेल्या हॉटेलच्या काँक्रीटच्या भिंती लागतात. येथली आधीची दोन हॉटेले आगीतच गेली होती.

आता दुसरा प्रश्न. हा मनोरा येथे का आला? त्यासाठी शंभर वर्षांहून मागे जावे लागते.

न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये कॅट्सकिल आणि अडिरॉन्डॅक या डोंगराळ भागांतील सरकारी जंगल राखीव केले. १८९४ मध्ये राज्यघटनेतच तरतूद झाली, की ही जमीन कायम रानच राहील. कायद्याने कुऱ्हाड थांबली. आग थांबली नाही. शेजारच्या खाजगी जंगलात लाकूडतोडे खोड तेवढे नेत आणि शेंडे-फांद्या तेथेच टाकून देत. जमिनीपासून अधांतरी राहिलेल्या या फांद्या वर्षानुवर्षे कुजत नसत, नुसत्या वाळत. त्यातूनच रूळ गेलेले होते आणि कोळशाच्या इंजिनांतून ठिणग्या उडत होत्या. १९०३ आणि १९०८ या कोरड्या वर्षांत लाखो एकर जंगल जळाले. सप्टेंबर १९०८ मध्ये अडिरॉन्डॅकमधील लाँग लेक वेस्ट ही रेल्वेकाठची वस्ती पूर्ण बेचिराख झाली.

त्यानंतर, १९०९ मध्ये, राज्याने तीन उपाय केले. आगीच्या मोसमात राखीव जंगलातून दिवसा धावणाऱ्या इंजिनांनी कोळशाऐवजी तेल जाळावे. पाडलेल्या सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवरील फांद्या छाटाव्यात, म्हणजे शेंडे जमिनीला टेकतील, ओल धरतील आणि कुजतील. तिसरा उपाय म्हणजे डोंगरमाथ्यांवरील पहारेकरी. एका खाजगी क्लबने १८८७ मध्येच बाल्सम लेक डोंगरावर लाकडी मनोरा उभारून ही वाट दाखवली होती.

लाकडी मनोरे वादळाविजेत टिकत नसत. १९१६ पासून राज्याने पोलादी मनोरे घ्यायला सुरुवात केली. ते बनवणारी शिकागोची एअरमोटर कंपनी मुळात शेतावरच्या पवनचक्क्या बनवत असे. चक्कीच्या जागी खिडक्यांची खोली बसवली, जिना लावला, की पहाऱ्याचा मनोरा तयार! सुटे भाग डोंगरावर न्यायचे आणि बोल्टांनी जोडायचे. ओव्हरलुकचा मनोराही १९२७ मध्ये गॅलिस हिल या दुसऱ्या टेकडीवर उभा राहिला होता. १९५० मध्ये तो खोलून येथे आणला.

डोंगर असताना मनोरा कशाला, असे विद्यार्थी विचारतील. उत्तर गणिताने काढावे. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. शेजारची हडसन नदी जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, तेव्हा ९५७ मीटर ही उंची तशीच घेऊ. क्षितिज ११० किलोमीटरवर येते. मनोऱ्याचे १८ मीटर मिळवले तर वाढतो जेमतेम एक किलोमीटर! म्हणजे मनोरा क्षितिज लांबवण्यासाठी नव्हता. माथ्यावरच्या झाडांच्या शेंड्यांवर डोळा नेण्यासाठी होता.

खोलीत मधोमध गोल टेबलावर नकाशा असे. त्याच्या केंद्रबिंदूशी मनोरा, कडेला अंश, आणि वर फिरणारी दर्शकपट्टी. धुराची रेघ दिसली की पट्टी तिच्यावर रोखायची आणि अंश वाचून फोन करायचा. एका मनोऱ्यावरून दिशा कळते, जागा नाही. दुसऱ्या मनोऱ्यावरची रेघ पहिलीला छेदते तेथे आग. आपल्या देशाची त्रिकोणमितीय मोजणी लॅम्टनने १८०२ मध्ये सुरू केली, तीही याच तत्त्वावर. एक अंश चुकला तर वीस किलोमीटरवर साडेतीनशे मीटरची चूक होते, म्हणून वाचन नेमके हवे. टेलिफोनच्या तारेवर झाड पडले, की ती जोडण्याचे कामही पहारेकऱ्याचेच.

पुढे विमाने आली आणि १९९० पर्यंत राज्याने मनोऱ्यांवरचा पहारा थांबवला. आता प्रश्न उलटा झाला. जमीन कायम रान राहायची असेल, तर हे गंजणारे लोखंड तेथे का? काही मनोरे खरोखरच उतरवले गेले. कॅट्सकिलमधील लोकांनी मात्र वर्गणी जमवली, सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांच्या फळ्या बदलल्या आणि पाच मनोरे वाचवले. ओव्हरलुकचा मनोरा १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

तेथे आगीचा मोसम पालवी फुटण्यापूर्वीचा आणि पानगळीनंतरचा, कारण तेव्हा ऊन जमिनीवरच्या पाचोळ्यापर्यंत पोचते. आपल्याकडे सागाची पानगळ झाल्यावर फेब्रुवारी ते मे हे दिवस वणव्याचे, ते याच कारणाने. आज उपग्रह आगीची सूचना देतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. मधल्या वेळात जाळरेषा काढणारे वनमजूर आणि मनोऱ्यावरचा वनरक्षक यांच्याच नजरेवर भिस्त असते.

पुढच्या सहलीला दोन होकायंत्रे आणि तालुक्याचा नकाशा न्यावा. वर्गाच्या दोन टोळ्या दोन टेकड्यांवर बसवाव्यात आणि खालच्या वीटभट्टीच्या धुराची दिशा दोघांनी मोजावी. दोन रेघा नकाशावर भट्टीपासून किती दूर छेदतात, ते मुलांनाच काढू द्यावे.