किएऊ चिन : एका नटीची कारकीर्द

नटनट्यांची चरित्रं आपण करमणुकीच्या खात्यात टाकतो, इतिहासाच्या नाही. पण व्हिएतनामच्या किएऊ चिन या अभिनेत्रीची कारकीर्द पाहिली, म्हणजे त्यांच्या देशाचा इतिहास तीतून वेगळा काढता येत नाही.

त्यांचा जन्म १९३७ साली हॅनॉयला झाला. तेव्हा तिथं फ्रेंचांचा अंमल होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात त्यांची आई गेली. पुढे १९५४ साली जिनिव्हा करार झाला आणि सतराव्या अक्षांशाजवळ देशाचे दोन तुकडे पडले. या कराराच्या अंमलावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे शिक्षकबंधूंना ठाऊक असेलच. उत्तरेतून लाखो माणसं दक्षिणेत आली. किएऊ चिन यांनाही वडिलांनी सायगावला धाडलं, आणि घर सोडून गेलेल्या मुलाच्या शोधासाठी ते स्वतः मागं राहिले. बापलेकींची पुन्हा भेट झाली नाही.

सायगावात १९५७ साली त्यांचा पहिला चित्रपट आला. बघता बघता त्या दक्षिण व्हिएतनामच्या आघाडीच्या नटी झाल्या. अमेरिकन चित्रपटांतूनही त्यांनी कामं केली. आपल्या देव आनंद यांच्याबरोबरचा त्यांचा ‘द ईव्हिल विदिन’ हा इंग्रजी चित्रपट १९७० सालचा.

आणि मग १९७५ चा एप्रिल उजाडला. सायगाव पडलं. काल जिच्या नावावर चित्रपटगृहं भरत, ती बाई कॅनडात टोरांटोजवळ कोंबड्यांची खुराडी साफ करू लागली! अखेर टिपी हेड्रन या अमेरिकन अभिनेत्रीनं हात दिला, आणि त्या कॅलिफोर्नियात आल्या. १९७७ साली ‘मॅश’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांना भूमिका मिळाली. तरी नाव पुन्हा व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं. ‘द जॉय लक क्लब’मध्ये त्यांनी एक चिनी आई रंगवली. युद्धाच्या धावपळीत जुळ्या तान्ह्या मुली रस्त्याकडेला सोडून जाण्याची पाळी आलेली ती आई. ताटातूट म्हणजे काय, हे या नटीला कुणी शिकवायला नको होतं.

१९९५ साली त्या हॅनॉयला गेल्या, तेव्हा वडील हयात नव्हते. भाऊ मात्र भेटला.

त्यांचं आणखी एक काम सांगितलं पाहिजे. १९९३ साली त्यांनी अमेरिकेच्या माजी सैनिकांसह एक बालनिधी काढला आणि त्यातून व्हिएतनामच्या गावांत प्राथमिक शाळा बांधल्या. युद्धात अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. वॉशिंग्टनच्या स्मारकावर त्यांची नावं कोरली आहेत. जितकी ती नावं, तितक्या मुलांना शाळेत जागा मिळावी, असा या मंडळींचा संकल्प. व्हिएतनामी माणसं तर लाखांनी मेली. त्यांचा आकडा कुठल्याच भिंतीवर मावणारा नाही. पण एकेकाळी समोरासमोर उभे ठाकलेल्या देशांतली माणसं एका शाळेच्या पायाशी एकत्र आली. वर्गात सतरावा अक्षांश शिकवताना, गुरुजी, ही हकीकतही मुलांना जरूर सांगा.