जाहिरात न करता नवी छोटी ब्रुअरी लोकांना सापडते कशी? मॅप, सर्च आणि रिव्ह्यूचं गणित, ठाणे-डोंबिवलीच्या उदाहरणांसह

कॉलेजमधला एक मित्र भागीदारीत छोटी ब्रुअरी सुरू करायच्या खटपटीत आहे. जागा कल्याण-डोंबिवली पट्ट्यातच बघतोय. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून त्याने मला पहिला प्रश्न टाकला, "अरे, इन्स्टावर अ‍ॅडसाठी महिन्याला किती पैसे बाजूला ठेवू?" मी म्हटलं, शून्य. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. कॅफे, जिम किंवा मोबाइलचं दुकान उघडलं तर पैसे देऊन जाहिरात करता येते. दारूच्या धंद्यात तो रस्ता जवळपास बंद आहे. म्हणजे ब्रुअरी ग्राहकाला शोधत जाऊ शकत नाही, ग्राहकानेच ब्रुअरीला शोधायला हवं. आणि ग्राहक आज फोनवर शोधतो. तेव्हा खरा प्रश्न असा की एखादा माणूस फोनवर शोधतो तेव्हा तुमची जागा त्याला दिसते का, आणि बरोबर दिसते का? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडं ब्रुअरीबद्दल

मायक्रोब्रुअरी म्हणजे कमी प्रमाणात बिअर बनवणारी जागा. माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांपासून बिअर तयार व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. एल प्रकारची लवकर होते, लागरला जास्त वेळ लागतो. ही बिअर बऱ्याचदा पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे थंड ठेवावी लागते आणि ताजी असतानाच संपवावी लागते. बाटलीबंद बिअरसारखी ती महिनोन्‌महिने गोदामात पडून चालत नाही. टाकी रिकामी झाली नाही तर पुढची खेप लावता येत नाही, आणि चव उतरलेली बिअर गटारात ओतावी लागते. भाडं आणि परवान्याची फी मात्र चालूच राहते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत लोकांना जागा सापडणं हा नव्या ब्रुअरीसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

महाराष्ट्रात ही लाट तशी नवीच. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, ती या लाटेची सुरुवात मानली जाते. आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे 'गेटवे ब्रुइंग कंपनी'. तिची ब्रुअरी डोंबिवलीत. तिथे बनलेली बिअर केगमध्ये भरून मुंबईतल्या बारमध्ये गेली आणि 'व्हाइट झेन' ही गव्हाची बिअर लोकांच्या ओळखीची झाली. या दोन नावांकडे आपण पुढे परत येऊ.

जाहिरात का करता येत नाही?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) यातलं कलम २४ मादक पदार्थांच्या जाहिराती प्रसिद्ध करायला मनाई करतं. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. मग सोडा किंवा म्युझिक सीडीच्या नावाने जाहिरात करायची पळवाट होती, तिला सरोगेट जाहिरात म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिच्यावरही बंदी घातली. शिवाय सोशल मीडिया कंपन्यांचे दारूबद्दलचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते देशानुसार बदलतात.

"जागा इथे आहे, वेळ अमुक, जेवायला हे मिळतं" ही माहिती झाली. "या आणि प्या, दोनवर एक फुकट" हे आमंत्रण झालं. यातली रेघ नेमकी कुठे ओढायची ते परवान्याचं काम बघणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवा. इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन रील करून घेण्याआधी तर नक्कीच. या लेखात खाली जे सांगितलंय ते माहिती बरोबर ठेवण्याबद्दल आहे.

गुगल मॅप कोणाला वर दाखवतं?

तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला उभं राहून 'ब्रुअरी' शोधलंत की यादी येते. तिचा क्रम गुगलच्याच म्हणण्यानुसार मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो.

१. जुळणी: तुम्ही जे शोधलंत त्याच्याशी जागेची माहिती किती जुळते.
२. अंतर: जागा तुमच्यापासून, किंवा तुम्ही शोधलेल्या भागापासून, किती लांब आहे.
३. नावलौकिक: जागा किती परिचित आहे. यात रिव्ह्यूंची संख्या, रेटिंग आणि इतर वेबसाइटवरचे उल्लेख येतात.

पैसे देऊन या नेहमीच्या यादीत वर जाता येत नाही, असं गुगल स्पष्ट सांगतं. त्यामुळे "तुमचा बिझनेस पहिल्या नंबरवर आणून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या. अंतर तुमच्या हातात नाही, नावलौकिक हळूहळू वाढतो. जुळणी मात्र एका संध्याकाळी दुरुस्त करता येते. म्हणून सुरुवात तिथून.

पायरी १: बिझनेस प्रोफाइल

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. २०२१ पर्यंत याचं नाव 'गुगल माय बिझनेस' होतं. प्रोफाइल बनवल्यावर जागा खरंच तुमची आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, बोर्ड, आतली जागा. म्हणून बोर्ड लागल्यावरच हे करा.

मुख्य कॅटेगरी एकच निवडता येते, जोडीला आणखी नऊ. फक्त बिअर बनवून बाहेर पाठवत असाल तर 'ब्रुअरी' ठीक. पण तिथेच बसून खायची-प्यायची सोय असेल तर 'ब्रुपब' जास्त बरोबर. नुसतं 'रेस्टॉरंट' टाकलंत तर शेकडो हॉटेलांच्या गर्दीत हरवाल. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. त्यात विशेषणं भरण्यापेक्षा कुठल्या प्रकारची बिअर बनते, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असतं, स्टेशनपासून कसं यायचं, हे लिहा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वेळ. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. अशा दिवशी मॅपवर 'उघडं आहे' दिसलं आणि ग्राहक बदलापूरहून आला, तर तो परत येत नाही, वर एक स्टार देऊन जातो. प्रोफाइलमध्ये 'विशेष वेळा' हा पर्याय आहे. वर्षाचे ठरलेले ड्राय डे एकदाच बसून भरून टाका.

पायरी २: पिन, ईस्ट की वेस्ट?

माझ्या ओळखीच्या एका हॉटेलचा पिन चुकून रुळांच्या दुसऱ्या बाजूला पडला होता. मॅपवर जेमतेम बोटभर अंतर. पण डोंबिवलीत राहणाऱ्याला विचारा! ईस्टच्या माणसाला गाडी घेऊन वेस्टला जायचं तर कोपर नाहीतर ठाकुर्लीचा पूल गाठायचा, आणि संध्याकाळी तिथे काय हालत असते ते वेगळं सांगायला नको. लोक चुकीच्या बाजूला उभे राहून फोन करायचे, आणि निम्मे वैतागून दुसरीकडे जायचे.

म्हणून पिन स्वतः त्या जागी उभं राहून तपासा. एमआयडीसीत तर जास्तच काळजी घ्या, कारण फेज, प्लॉट नंबर आणि सारखेच दिसणारे रस्ते यात रिक्षावालाही गोंधळतो. पिन दारावर हवा, प्लॉटच्या मागच्या भिंतीवर नको. जोडीला प्लस कोड द्या. हा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता अक्षांश-रेखांशावरून तयार होतो, आणि गुगलने तो सगळ्यांसाठी खुला केला आहे. पत्ता नीट नसलेल्या जागेलाही तो मिळतो.

पायरी ३: नाव आणि स्पेलिंग

आता त्या दोन नावांकडे. 'डूलाली' हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथल्या लष्करी छावणीत जहाजाची वाट बघत अडकलेल्या ब्रिटिश सोल्जरांना वेड लागायची वेळ यायची, त्यावरून 'डोकं फिरलेला' असा अर्थ पडला. सर्चच्या दृष्टीने हे नाव सोयीचं, कारण या नावाचं दुसरं फारसं काही नाही. 'गेटवे' ऐकायला छान, पण मुंबईच्या आसपास नुसतं 'गेटवे' टाइप केलं की कोण आठवणार? गेटवे ऑफ इंडिया! अशा वेळी पूर्ण नाव किंवा 'व्हाइट झेन'सारखं बिअरचं वेगळं नाव कामाला येतं. ग्राहक बारमध्ये टॅपवरचं नाव वाचतो आणि घरी जाऊन तेच शोधतो. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते फोनवर शोधून बघा. पहिल्या पानावर दुसरं कोणी ठाण मांडून बसलंय का?

दुसरी गंमत स्पेलिंगची. इंग्रजीत डोंबिवली निदान दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं: कोणी व नंतर 'ए' घालतं, कोणी 'आय', कोणी काहीच नाही. गुगल बहुतेक वेळा सांभाळून घेतं, पण तुम्ही स्वतः सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच फोन नंबर ठेवा. प्रोफाइलवर एक, झोमॅटोवर दुसरा आणि इन्स्टाच्या बायोमध्ये तिसरा असं असेल तर ही एकच जागा आहे का याची खात्री ना मशीनला होते, ना माणसाला. वेबसाइटवर नाव आणि पत्ता मराठीतही लिहा. मराठीत टाइप करून किंवा बोलून शोधणारे बरेच आहेत.

पायरी ४: मशीनला वाचता येईल अशी माहिती

बऱ्याच जागा मेन्यूचा फोटो टाकतात आणि काम झालं समजतात. फोटोतला मजकूर सर्च इंजिन नीट वाचेल याचा भरवसा नाही. एका पानाची साधी वेबसाइट करा आणि पदार्थांची नावं मजकूर म्हणून लिहा. बिअरची यादी आणि दर टाकायचे का, ते वर म्हटल्याप्रमाणे वकिलाला विचारून.

त्या पानात 'स्ट्रक्चर्ड डेटा' घालता येतो. हा पानावर न दिसणारा छोटा कोड असतो. तो मशीनला सांगतो की हे नाव, हा पत्ता, हे अक्षांश-रेखांश, या वेळा. त्यासाठीचे शब्द 'स्कीमा डॉट ऑर्ग'ने ठरवलेत, जे गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केलं. त्यात 'ब्रुअरी' असा वेगळा प्रकारच आहे. कोड करणाऱ्या मित्राला हे अर्ध्या तासाचं काम आहे, बिल म्हणून त्याला जेवू घाला.

पायरी ५: रिव्ह्यू, खरेच हवेत

"फाइव्ह स्टार द्या, फ्रेंच फ्राइज फुकट" हे गुगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा वस्तू द्यायची नाही. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागायचेही नाहीत. मग करायचं काय? बिलावर क्यूआर कोड छापा आणि सगळ्यांना सारखंच विचारा. वाईट रिव्ह्यूला दोन ओळीत, न चिडता उत्तर द्या. "त्या दिवशी टॅपचं कूलिंग बिघडलं होतं, आता दुरुस्त झालंय" हे वाचून तिसऱ्याच माणसाचा विश्वास बसतो. तो लिहिणारा परत येईल न येईल, उत्तर वाचणारे मात्र बरेच असतात.

बिअरच्या शौकिनांचं 'अनटॅप्ड' नावाचं अ‍ॅपही आहे, २०१० पासून. लोक तिथे प्यायलेल्या बिअरची नोंद करतात आणि पाचपैकी गुण देतात. तुमची बिअर तिथे कोणीतरी आधीच टाकली असेल. नाव आणि प्रकार बरोबर आहेत का, तेवढं बघा.

उपयोग होतोय हे कसं कळणार?

प्रोफाइलमध्ये 'परफॉर्मन्स' विभाग असतो. लोकांनी कुठले शब्द शोधले, किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला, हे दिसतं. लाइक्सपेक्षा 'रस्ता विचारला' हा आकडा बघा, कारण रस्ता विचारणारा माणूस निघायच्या तयारीत असतो. रस्ता विचारणारे भरपूर आणि टेबलं रिकामी, असं असेल तर आधी पिन तपासा.

ग्राहक म्हणून तुम्ही काय करू शकता?

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि कडक दारूसाठी २५. वय बसत असेल तरी गाडी घरी ठेवा, शेवटची लोकल किती वाजता ते आधी बघा. आणि एखादी नवी जागा आवडली तर एक खरा रिव्ह्यू लिहा, पिन चुकला असेल तर मॅपमध्ये 'बदल सुचवा' दाबा. दोन मिनिटांचं काम आहे. ज्या धंद्याला स्वतःबद्दल ओरडून सांगता येत नाही, त्याच्यासाठी ही दोन मिनिटं खूप असतात.

मित्राने अ‍ॅडचं बजेट रद्द केलं. सध्या तो नाव शोधतोय, आणि प्रत्येक नाव आधी फोनवर टाइप करून बघतोय.