गिरणीतला अर्धा तास

कामाच्या ताणाने माणसं खचू लागली, की ऑफिसात हल्ली पहिला उपाय होतो तो कॉफीचा. मजल्यावर नवं मशीन येतं, चार उंच स्टुलं मांडली जातात आणि एचआरचा मेल येतो, की अधूनमधून उठा, कॉफी घ्या, सहकाऱ्यांशी बोला. सल्ला चुकीचा नाही. कामातल्या विश्रांतीने माणूस सावरतो याला जुना आणि भक्कम पुरावा आहे, आणि त्यातला बराचसा कापड गिरण्यांमधून आलेला आहे. पण तो पुरावा नीट पाहिला, तर विश्रांतीचा गुण पेयात कधीच नव्हता हेही दिसतं. काम खरोखर थांबलं, थांबलेल्या वेळेचा पगार कापला गेला नाही आणि ती वेळ कामगाराच्या हक्काची ठरली, तेव्हाच तिचा उपयोग झाला. लांबलेल्या दिवसावर किंवा वाढवलेल्या कामावर मलमपट्टी म्हणून ती आली, तिथे थकवा होता तिथेच राहिला. बर्नआउटची चर्चा करणाऱ्यांनी म्हणून मुंबईच्या गिरणगावाकडे एकदा वळून पाहायला हवं.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षं कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. उजाडताना गिरणी सुरू व्हायची आणि अंधारून आल्यावर थांबायची. 1881 चा पहिला कारखाना कायदा आला तोही मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि तासाभराची विश्रांती द्यायची, एवढं त्याने ठरवलं. मोठ्या माणसांच्या विश्रांतीबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. ही उणीव बोलून दाखवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारी कमिशनपुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. अर्ध्या तासाची मागणी इथे पगाराच्या आणि भरपाईच्या बरोबरीने मांडलेली आहे, हे महत्त्वाचं. लोखंड्यांच्या लेखी विश्रांती हा मालकाचा उपकार नव्हता, तो कराराचा भाग होता. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी जून 1890 मध्ये मान्य केली. दुपारचा अर्धा तास 1891 च्या कायद्याने आला. पाळ्यांची परवानगी असलेले कारखाने सोडले, तर बारा ते दोनच्या दरम्यान काम अर्धा तास बंद ठेवणं त्याने बंधनकारक केलं.

या कायद्यामागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरणीमालकांचा हात होता, मुंबईचा माल महाग पडावा म्हणून त्यांनी पार्लमेंटमध्ये जोर लावला होता, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो खराच आहे. मँचेस्टरला परळच्या साचेवाल्याची, म्हणजे मागावरच्या विणकराची, कणव आली होती असं कुणी म्हणणार नाही. पण कायदा कुणाच्या स्वार्थातून आला यावरून त्याची गरज ठरत नाही. ती ठरते ज्यांच्यासाठी तो आला त्यांच्या मागणीवरून, आणि ती मागणी सात वर्षं आधीच लेखी नोंदवलेली होती. शिवाय कायद्यातली फट लवकरच उघडी पडली. अर्धा तास मिळाला, पण पुरुषांचा दिवस किती तासांचा असावा हे कुणी ठरवलं नव्हतं. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. भरपूर मागणीच्या त्या काळात काम चौदा-चौदा तासांपर्यंत ताणलं गेलं. दिव्यांच्या उजेडातल्या या कामाविरुद्ध कामगार त्याच वर्षी रस्त्यावर उतरले. दुपारचा अर्धा तास कागदावर शाबूत होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा दिवस इतका लांबला होता, की त्यातून अंगात काही भरून निघणं शक्यच नव्हतं.

मग कामगारांनी आपली विश्रांती आपणच काढली. 1908 च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे मालक आणि मॅनेजर एकच तक्रार घेऊन आले. कामगार टंगळमंगळ करतो, साचा सोडून बाहेर जातो, विडी ओढतो, पाणी पितो, आंघोळ करतो, गप्पा मारत बसतो. हिंदी कामगाराचा स्वभावच असा, असा सूर त्यातून निघाला. पण साचेखात्यातली, म्हणजे विणकाम खात्यातली, स्थिती पाहा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तिथे मुद्दाम वाफ सोडून दमटपणा राखलेला. शेकडो साच्यांचा एकच खडखडाट, हवेत कापसाची धूळ. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढायचा, दिवसभर. अशा जागी चौदा तास सलग उभं राहणं कुणालाच जमत नाही. मालक ज्याला टंगळमंगळ म्हणत होते, ती शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेली वाट होती. कमिशनचे एक सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमत नोंदवून पुरुषांचेही तास कायद्याने बांधावेत असा आग्रह धरला. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये आठवड्याला साठ तास ठरले, 1934 मध्ये चोपन्न.

इथे एक गफलत होऊ शकते. तास कमी झाले म्हणजे कामगाराचा थकवाही त्याच प्रमाणात घटला, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तास आखडले तसं उरलेल्या तासांतलं काम मालकांनी घट्ट केलं. सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणकामात दोन साच्यांऐवजी तीन साचे एकेका कामगाराकडे देण्याची योजना आली. 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप केला, त्याच्या मुळाशी पगाराइतकीच ही वाढलेली जुंपणी होती. दोन साच्यांवर काम करणाऱ्याला अधेमधे क्षणभर श्वास घेता येत होता. तिसरा साचा आला आणि तो क्षण गेला. थकवा केवळ तासांवरून मोजता येत नाही, हे कामगारांना संपाच्या किमतीत समजलं होतं. आजच्या ऑफिसांतही नेमकं हेच घडतं. कामाचे तास तेच असतात, पण दोन कामांमधल्या मोकळ्या मिनिटांत आता एक मीटिंग, एक मेसेज आणि एक तातडीचा मेल येऊन बसलेला असतो.

चहा गिरणीत आला तो अर्ध्या तासाच्या कायद्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तोही विक्रीच्या गरजेतून. निर्यातीच्या चहावर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभारण्याचा कायदा 1903 मध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहाचा प्रचार करणाऱ्यांनी कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापड गिरण्या यांत चहाची दुकानं लावण्याचा सपाटा लावला. मालकांना पटवून देण्यात आलं, की कामगाराला चहापुरती सवड दिली तर तो ताजातवाना होऊन जास्त काम करील. अमेरिकेत कॉफीचंही असंच झालं. कामातली कॉफीची सुट्टी तिथे रूढ करण्यात कॉफी उत्पादक देशांच्या पॅन-अमेरिकन कॉफी ब्युरोच्या 1952 च्या जाहिरात मोहिमेचा मोठा वाटा आहे. म्हणून या पेयांकडे तुच्छतेने पाहायचं कारण नाही. चार माणसं एका ठेल्याशी उभी राहतात, यालाही मोल आहे. पण कॅफिन थकवा भरून काढत नाही, थकव्याची जाणीव पुढे ढकलतं. ज्या वेळेत चहा प्यायला जातो ती वेळ काढून घेतली आणि कप टेबलावर आणून दिला, तर कामगाराच्या वाट्याला फक्त ही पुढे ढकललेली जाणीव येते.

वेळेनेच फरक पडतो, याचा स्पष्ट दाखला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका कापड गिरणीत 1923-24 मध्ये मिळाला. तिथल्या सूतकताई खात्यात माणूस टिकतच नव्हता. चाळीस जागा भरलेल्या ठेवायला वर्षाकाठी शंभर माणसं घ्यावी लागतील, असं ते गळतीचं प्रमाण होतं. इतर खात्यांत ते नाममात्र होतं. बोनसच्या योजना करून झाल्या होत्या, उपयोग शून्य. एल्टन मेयो या संशोधकाने पाहिलं, की कामगार दिवसभर लांबच लांब यंत्रांच्या रांगेत येरझारा घालतात, तुटलेले धागे जोडतात, त्यांचे पाय दुखतात आणि मन उदास विचारांनी ग्रासलेलं असतं. त्याने दिवसातून काही वेळा दहा-दहा मिनिटं आडवं पडण्याची सोय करवली. गळती थांबली आणि जो बोनस आधी कधीच हाती लागला नव्हता तो मिळू लागला. पुढे मागणी वाढल्यावर वरिष्ठांनी विश्रांती बंद केली आणि थोड्याच दिवसांत उत्पादन घसरलं. तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांनी हुकूम काढला, की दिवसातून चार वेळा दहा मिनिटं यंत्रंच बंद ठेवायची. उत्पादन पुन्हा चढलं. यावर असं म्हणता येईल, की कुणीतरी आपली विचारपूस केली यानेच कामगार सुखावले असतील. मेयोनेही पुढे या बाजूला बरंच महत्त्व दिलं. पण विचारपूस आणि विश्रांती इथे वेगळ्या काढताच येत नाहीत. यंत्र थांबवणं हाच त्या विचारपुशीचा पुरावा होता.

पगाराचा मुद्दा अमेरिकेतल्याच डेन्व्हरमध्ये निकालात निघाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण विणकर युद्धकार्यासाठी गेल्यावर टाय विणणाऱ्या ‘लॉस विगवॅम वीव्हर्स’ या कंपनीने मध्यमवयीन बायका कामाला घेतल्या. काम बारकाईचं, दिवसभर अंग टिकेना. त्यांनीच सुचवलं, की सकाळी आणि दुपारी पंधरा-पंधरा मिनिटं कॉफीची सुट्टी द्या. उत्पादन वाढलं, तेव्हा मालकाने ती सुट्टी सक्तीची केली आणि त्या अर्ध्या तासाचा पगार मात्र दिला नाही. सरकारच्या कामगार खात्याने खटला भरला आणि 1956 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की अशा छोट्या विश्रांतीचा फायदा मालकालाही होतो, म्हणून ती कामाच्या वेळेतच धरली पाहिजे.

याच निकालावरून सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. विश्रांतीने उत्पादनच वाढत असेल, तर ती कामगाराला अधिक पिळण्याची युक्ती ठरत नाही का? धोका खरा आहे. विश्रांतीचं समर्थन केवळ उत्पादनावर उभं केलं, तर उत्पादन वाढलं नाही त्या दिवशी ती काढून घेता येते, आणि फिलाडेल्फियात मागणी वाढताच तसा प्रयत्न झालाही. म्हणून लोखंड्यांची मांडणी आजही अधिक पक्की वाटते. त्यांनी अर्धा तास उत्पादनासाठी मागितला नव्हता, माणसासाठी मागितला होता. दुसरा आक्षेप असा, की टेबलाशी बसून काम करणाऱ्याला गिरणीच्या मापाने कशाला मोजायचं? शरीराचे कष्ट वेगळे आहेत, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं ते कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम असंच. त्याचं मूळ कामाच्या व्यवस्थेत आहे, तेव्हा उपायही तिथेच करावा लागेल.

स्वतंत्र भारतात 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन बंधनकारक केलं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही पाच तासांनंतर अर्ध्या तासाचा नियम घातला. ही कलमं मॅनेजरच्या मर्जीवर सोडलेली नाहीत, हाच त्यांचा अर्थ. ऑफिसात कॉफीचं मशीन जरूर बसवा. पण त्याआधी ठरवा, की सुट्टीच्या वेळी मीटिंग ठेवायची नाही, फोन घ्यायचा नाही, सुट्टी घेणाऱ्याची हजेरी कापायची नाही आणि त्या वेळेचं काम संध्याकाळी त्याच्याच गळ्यात मारायचं नाही. आणि नोकरी करणाऱ्यांनीही ही वेळ संकोचाने मागू नये. साडेपाच हजार गिरणी कामगारांनी ती 1884 मध्ये सह्या करून मागितली होती, ती आपण लेखी मागावी आणि रोज वापरावी.