बसऱ्याच्या यादीतील आपला माणूस

जीर्णोद्धाराच्या वर्गणीसाठी भावकीची यादी करताना आमच्या वंशावळीत एक जागा रिकामी राहिली. पणजोबांचे धाकटे बंधू. ‘बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत’, एवढेच घरात माहीत. कोणी म्हणे, तिकडेच संसार थाटला. त्यांच्या पत्नीने मात्र मरेपर्यंत कुंकू पुसले नाही.

कचेरीतील नोकरीमुळे जुनी दप्तरे चाळण्याची मला सवय. एका फेरफारात मोडी शेरा मिळाला : ‘११० पलटणीत, परत नाही.’ हेळव्याच्या वहीवरून वडिलांचे नाव पक्के केले.

११० मराठा ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकात होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये ती टेसिफॉनला लढली, मग कूत येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सर्व फौज तुर्कांना शरण गेली. पुढे कैदेत उपासमार, ताप आणि वाळवंटातील पायपीट यांनी हजारो दगावले.

बसऱ्यास १९२९ साली स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या! आपण पन्नास रुपये देणाऱ्याचेही नाव पायरीवर घालतो. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत ही नावे आहेत, पुष्कळदा बापाच्या नावासह व गावासह. इंग्रजी स्पेलिंग काहीच्या बाही असल्याने आडनावावर न जाता पलटण, बाप व गाव जुळवावे. आमचे आजोबा तसेच सापडले, मृत्यूच्या तारखेसह.

त्यांचे पान आजवर सर्वपित्रीला वाढले जाई. यंदा जुन्या पंचांगातून तिथी काढून घेतली.