तळटीप: गोळीचा वेग
* हाताने भरलेल्या काडतुसांत दारू काटेकोर तोलून घातली, तरी सगळ्या गोळ्या एकाच वेगाने सुटतील असे नाही. दारू तापली की वेग वाढतो; धार-देवासकडे डिसेंबरच्या पहाटे जुळवलेले काडतूस मे महिन्याच्या दुपारी निशाणाच्या वर लागू शकते. क्रोनोग्राफ दोन प्रकाश-संवेदकांमधले अंतर कापायला गोळीला लागलेला वेळ मोजतो: सेकंदाला ८०० मीटर वेग असेल, तर एका मीटरला सेकंदाचा अवघा आठशेवा भाग. सरासरीपेक्षा गोळी-गोळीतला फरक पाहावा; नवखे नेमके उलटे करतात. पूर्वी वेग मोजण्याचे काम लंबक करी. १७४२ साली तो मांडणारे बेंजामिन रॉबिन्स १७५१मध्ये कडलूरजवळ, फोर्ट सेंट डेव्हिडला वारले. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आज काडतूस बनवायलाही परवाना लागतो. धार-देवासच्या पवारांच्या संस्थानांतले दिवस निराळे होते.