मागितले ३४,०००, मिळाले ७,६००

जव्हारला घरून काम करताना नेट गेलं की मी पुस्तक उघडतो. तिथेच लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार भेटले. मूळचे आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९९२-९३ मध्ये युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख.

ते परतले त्यानंतरच्याच महिन्यात बोस्नियातलं स्रेब्रेनिका ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर झालं. अशा सहा क्षेत्रांसाठी ३४,००० सैनिक लागतील, असा हिशोब होता. मंजूर झाले ७,६००. इतक्या कमी सर्व्हरवर आम्ही साधं ॲपसुद्धा सोडणार नाही!

जुलै १९९५. सर्ब फौजांनी गाव घेतलं, आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले. डच शांतिसैनिकांच्या छावणीत आसरा घेतलेल्या सुमारे ३५० पुरुषांनाही बाहेर जावं लागलं. २०१९ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबत सरकारची जबाबदारी १० टक्के ठरवली, कारण आत राहून ते वाचण्याची शक्यता तेवढीच होती.