मुखवटा, शिवण आणि मेणबत्ती : ‘पॉवर रेंजर्स’च्या संहितेचा इतिहास

‘माइटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ ही अमेरिकन बालमालिका २८ ऑगस्ट १९९३ रोजी सुरू झाली. तिची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली : पडद्यावरील हिंसा आणि खेळण्यांची बाजारपेठ. एक संहिता म्हणून ती कशी घडली, हा प्रश्न मात्र मागे पडला. वस्तुतः तिच्या अर्थाची किल्ली या घडणीतच आहे.

कॅलिफोर्नियातील एंजल ग्रोव्ह या काल्पनिक नगरातली पाच शाळकरी मुले रंगीत पोशाख व शिरस्त्राणे धारण करून रबरी राक्षसांशी झुंजतात. अवाजवी हातवारे, लुटुपुटूची शहरे, ठरावीक घोषणा यांमुळे या मालिकेला ‘कॅम्प’ म्हणण्याचा मोह होतो. सुसान सोंटॅग यांनी १९६४ च्या निबंधात या अभिरुचीचे दोन प्रकार सांगितले : अजाणता घडलेला आणि जाणूनबुजून केलेला. १९६६ मधील ‘बॅटमॅन’ ही दूरचित्रवाणी मालिका उघडच दुसऱ्या प्रकारात मोडते. ‘पॉवर रेंजर्स’ मात्र यांपैकी कोणत्याच प्रकारात नीट बसत नाही. कारण तिची अतिशयोक्ती कोणा एका कर्त्याच्या हेतूतून नव्हे, तर दोन चित्रणांच्या जोडणीतून उद्भवते.

तोएई या जपानी संस्थेने १९७५ मध्ये शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेवर आधारित ‘गोरेंजर’द्वारा रंगभेदाने ओळखल्या जाणाऱ्या वीरपंचकाची परंपरा सुरू केली. त्याच परंपरेतील १९९२ च्या ‘झ्युरेंजर’मधील युद्धदृश्ये सबान यांच्या कंपनीने घेतली आणि त्यांना अमेरिकन नटांची शालेय दृश्ये जोडली. शिरस्त्राण ही या जोडणीची शिवण होय. त्याच्या आड देह जपानी, आवाज अमेरिकन. शिवण जागोजागी दिसते : मूळ मालिकेतील पिवळा वीर पुरुष असल्याने, त्याच्या जागी आलेल्या ट्रिनीच्या पोशाखाला गुलाबी वीरांगनेसारखा झगा नाही. माचिको सोगा यांनी साकारलेल्या चेटकिणीचा चेहरा तर उघडाच. तेथे इंग्रजी शब्द आणि ओठ यांचा मेळ बसत नाही.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला ‘रूपांतर’ ही संज्ञा परिचित आहे. परंतु रूपांतरकार मूळ नाटक नव्याने लिहितो आणि नव्या नटांच्या स्वाधीन करतो. येथे मूळ नट जागच्या जागी राहतो. फक्त तो कोण आहे, हे बदलते. ‘झ्युरेंजर’चे वीर युगानुयुगांच्या निद्रेतून जागे झालेले प्राचीन योद्धे आहेत. शाळा, अभ्यास, मित्रमंडळ यांचा त्यांच्याशी संबंध नाही. अर्थात, ज्या किशोरवयाला आपण या मालिकेचा गाभा समजतो, ते रूपांतरातच जन्मले.

सर्वांत अर्थपूर्ण बदल हिरव्या वीराचा आहे. जपानी मालिकेत बुराई हा नायकाचा थोरला भाऊ. त्याचे उरलेले आयुष्य एका हिरव्या मेणबत्तीने मोजले जाते. ती विझते आणि तो मरतो. अमेरिकन मालिकेतही मेणबत्ती आहे, पण ती विझल्यावर टॉमीची केवळ शक्ती जाते. प्रेक्षकप्रिय झालेला हा मुलगा पुढे पांढऱ्या वेषात परततो. तो वेष १९९३ च्या ‘दायरेंजर’मधून घेतलेला. चिन्ह तेच राहिले, चिन्हित मात्र पालटले : आयुष्याच्या जागी सामर्थ्य आले.

मुलांसाठी असे सौम्यीकरण अपरिहार्यच होते, असे कोणी म्हणेल. पण बुराईचा मृत्यू पाहणारा जपानी प्रेक्षकही बालकच होता. तेव्हा मुलांना काय झेपते, हा निर्णय बालमनाच्या स्वरूपातून आपोआप निघत नाही. तो त्या त्या समाजाच्या कथनसंकेतांचा भाग असतो. ‘पॉवर रेंजर्स’चा खेळकरपणा या अर्थाने निरागस नाही. मृत्यू वगळून मिळवलेला तो हलकेपणा आहे. मात्र वगळलेले पूर्णतः पुसले गेलेले नाही. काहीतरी संपत आले आहे, हे त्या कमी कमी होत जाणाऱ्या मेणबत्तीकडे पाहणाऱ्या मुलाला कळतेच. नेमके काय, एवढेच कथानक त्याला सांगत नाही. लोकप्रिय संहितांच्या समीक्षेने अशा शिवणींचा उपहास करून थांबू नये. त्या उसवून पाहाव्यात.